ह्यो सोडून कुठलाबी काढा

खुर्चीत बसल्याबरोबर मामा उजव्या हाताचे पहिले बोट वरच्या पुढच्या दातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्यो सोडून कुठलाबी काढा, डाक्टर."

आणि बोट तसेच ठेवून तोंड उघडायचे. पेशंटचे बोट तोंडात असताना त्याचे दात तपासणे किती अवघड असते, हे तुम्ही कधी करून पाहिले नसेल. मी म्हणायचो, "मामा, आधी बोट काढा." ते मान हलवायचे. "तुमचं काय खरं न्हाय. हात बसलाय तुमचा. चुकून ह्यो बी काढाल." त्यांचा संशय अगदीच खोटा नव्हता. त्या खोलीत मी दात काढण्यापलीकडे दुसरे काही करतच नव्हतो.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईहून दाताचा डॉक्टर होऊन सोलापुरात नुकताच परतलो होतो. आठवड्यातल्या दोन सकाळी विम्याच्या दवाखान्यात बसायचो. गिरणी कामगाराच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात आणि त्या बदल्यात त्याला आणि घरच्यांना औषधपाणी फुकट मिळे. दातांच्या बाबतीत औषधपाणी म्हणजे भुलीचे इंजेक्शन, लवंगेचे तेल आणि चिमटा. दात भरायचे सामान तिथे नव्हते, कारण दात भरणे योजनेतच नव्हते. दुखणारा दात काढायचा, एवढेच त्या योजनेला ठाऊक होते. तसा मीही आज्ञाधारक. सकाळभर काढत बसायचो.

संध्याकाळी मात्र मी नवी पेठेतल्या माझ्या स्वतःच्या दवाखान्यात असायचो. एका कापडाच्या दुकानावरची ती दोन खोल्यांची जागा. तिथे वकील यायचे, व्यापारी यायचे, गिरणीतले साहेब लोक यायचे. त्यांचा दात किडला की मी तो कोरायचो, आतली नस काढायचो, मूळ साफ करून भरायचो आणि दात जागच्या जागी ठेवायचो. सकाळी ज्या रोगाला चिमटा लावला, त्याच रोगाला संध्याकाळी पाच-सहा वेळा बोलावून गोंजारायचे. कीड तीच आणि हातही तेच. फरक असायचा तो फक्त समोरच्या माणसाच्या पगारात. मला याचा राग यायचा, पण तो कोणावर काढावा हे कळत नसे. मग मी कंपाउंडरवर काढायचो.

मामा कोण ते सांगायचे राहिलेच. एका गिरणीत ते विणकर होते. आजोबा तेलंगणातून माग घेऊन इकडे आलेले, त्यामुळे घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर अस्सल सोलापुरी मराठी. पन्नाशीच्या आतबाहेरचा काटक माणूस, डोक्यावर पांढरी टोपी. कानांवरच्या केसांत कायम कापूस अडकलेला असे, तो आंघोळीनंतरही निघत नसावा. त्यांना सगळे विणाई खाते मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांना भाचा एकही नव्हता.

तंबाखूने त्यांच्या हिरड्या पार ढिल्या केल्या होत्या. दोन-चार महिन्यांनी एखादी दाढ हलू लागायची आणि ते हजर व्हायचे. काढून झाली की कापूस दाबलेल्या तोंडाने खुर्चीतून वाकून ट्रेमध्ये पडलेल्या दाढेकडे बघायचे. "बरं झालं गेली," म्हणायचे, "लई दिवस फुकट खात हुती." आणि हसत निघून जायचे. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत काही पठ्ठे रजेची चिठ्ठी मिळावी म्हणून हलत नसलेला दातही काढून मागायचे. जत्रेपायी दात द्यायला तयार असलेली माणसे मी सोलापूर सोडून कुठे पाहिली नाहीत. मामा त्यांच्यातले नव्हते. त्यांना रजा नको असायची आणि तो एक दात कोणत्याही भावात द्यायचा नसायचा.

त्या दाताच्या टोकाला मधोमध एक खाच होती, गुळगुळीत आणि अगदी सरळ. मी विचारले तेव्हा मामा म्हणाले, "कातरी हाय ती."

मला ते काही कळले नाही. पुढे एकदा कामगारांची तपासणी करायला मी त्यांच्या गिरणीत गेलो, तेव्हा विणाई खात्यात त्यांना पाहिले आणि कळले. मागांचा खडखडाट इतका, की शेजारचा माणूस ओरडला तरी नुसते ओठ हललेले दिसत. मामांच्या ताब्यात दोन माग होते. ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला की ते माग थांबवत, दोन टोके चिमटीत धरून गाठ मारत, लगेच मान तिरकी करून गाठीची शेपटी दातात धरून तोडत, आणि मान सरळ होईपर्यंत माग पुन्हा सुरू झालेला असे. इतर विणकर खिशातली कातर काढत, कापत, पुन्हा खिशात ठेवत. मामांचे हात मागावरून उठतच नव्हते. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले आणि माझ्या कानाशी येऊन ओरडले, "कातरी हरवती, डाक्टर. ह्यो हरवत न्हाय."

आणि नेमका तोच दात दुखावला.

त्या दिवशी मामा खुर्चीत बसले तेव्हा बोट दातावर नव्हते. सबंध पंजाच तोंडावर होता. पंजा काढला तर वरचा ओठ नाकापर्यंत सुजून आलेला. खाचेपासून दाताला बारीकशी चीर गेली होती, तिच्यातून कीड आत शिरली होती आणि मुळाशी पू झाला होता. मी काही बोलायच्या आतच ते सुजलेल्या ओठातून म्हणाले, "ह्यो सोडून..." आणि तिथेच थांबले. मला फार वाईट वाटले.

"मामा, बाकीच्यांना काही झालेलं नाही. हाच गेलाय."

"काढला तर फुकट?"

"फुकट."

"आन ठेवायचा म्हटलं तर?"

ठेवता येईल, मी म्हणालो. दात अजून घट्ट होता, हिरडीही तिथे बरी होती. पण ते काम इथे होत नाही, संध्याकाळी नवी पेठेत होते आणि तिथे विमा चालत नाही. मामांनी ऐकून घेतले. पू काढून मी सूज उतरायच्या गोळ्या दिल्या आणि ते निघून गेले.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी जिन्यात खोकल्याचा आवाज आला. पाहतो तर मामा माझ्या पाटीसमोर उभे. मागे त्यांची बायको. मामा पाटीवरची अक्षरे एकेक करून मोठ्याने वाचत होते. "दात काढणे. दात भरणे. दात बसवणे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डाक्टर, सकाळी तुमास्नी नुसतं काढायला येतंय. संध्याकाळी भरायला, बसवायला बी येतंय. दुपारी कुटं शिकायला जाता काय?"

बाकावर बसलेले एक वकीलसाहेब फसकन हसले. मला हसावे की रडावे ते कळेना. मी दोघांना आत बोलावले.

मामी ठेंगणी होती आणि तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास होता, कारण ती दिवसभर विड्या वळायची. आल्या आल्या तिने मुद्द्याला हात घातला. "काढला तर काय हुतंय? म्हातारपण आलंच की."

मामा तेलुगूत काहीतरी म्हणाले. ती तेलुगूत त्याच्या दुप्पट म्हणाली. मला त्यातला फक्त 'पन्नू' हा शब्द कळत होता, कारण पन्नू म्हणजे दात हे मी दवाखान्यात शिकलो होतो. बरेच पन्नू उडाल्यावर मामीने मला मराठीत सगळे समजावून सांगितले. ओठ सुजल्यापासून मामा कातरीने काम करत होते. हाताला सवय नाही. माग जास्त वेळ थांबून राहत होते, कापड कमी निघत होते आणि एकदा तर शेपटीबरोबर शेजारचे चार धागेही कापले गेले होते. जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, म्हणाला होता की असेच चालले तर एक माग काढून घेईन. एक माग गेला की अर्धा पगार गेला. म्हणजे दात काढणे फुकट होते ते फक्त दवाखान्यात.

"किती घेता?" तिने विचारले. मी सांगितले. मी घाईघाईने म्हणालो की मामांकडून मी एवढे घेणार नाही, सामानापुरते द्या.

मामा रागावले. "सकाळी फुकट काढता, संध्याकाळी फुकट ठेवता, मग जेवता कुटं?"

मामी खिडकीबाहेर बघत होती. विड्या वळणाऱ्या बायकांची एक भिशी होती. दर महिन्याला सगळ्या जणी थोडे थोडे टाकत आणि चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम मिळे. या महिन्यात मामीची चिठ्ठी निघाली होती. त्या पैशांत ती वातीचा स्टोव्ह घेणार होती. दुकानात जाऊन तिने तो बघूनही ठेवला होता, हिरव्या रंगाचा. चुलीच्या धुराने तिचे डोळे लाल झालेले मला दवाखान्यातल्या दिव्याच्या उजेडातही दिसत होते.

"बगू," ती मामांना म्हणाली. मामांनी तोंड उघडले. तिने आपले बोट त्या खाचेवरून दोनदा फिरवले, दुकानात तिने तो स्टोव्ह असाच चाचपला असावा. मग पदराला बोट पुसून मला म्हणाली, "ठेवा."

काम सुरू झाले. माझे कोरायचे यंत्र जुने होते. मोटरवरून सुती दोरीचा पट्टा चाकांवरून फिरत हातातल्या सुईपर्यंत यायचा. मामा खुर्चीत आडवे पडून त्या पट्ट्याकडे मायेने बघायचे. "आमचाच भाऊबंद," म्हणायचे. पहिली खेप पार पडली. दुसऱ्या खेपेला नस काढून मूळ साफ केले आणि वर तात्पुरते भरून टाकले. तिसऱ्या खेपेला मी यंत्र चालू केले आणि पट्टा तटकन तुटला.

नवा पट्टा मुंबईहून मागवावा लागे. मी मामांना म्हणालो, "आता पंधरा दिवसांनी या."

"कशाला?" मामा खुर्चीतून उठले, दोन्ही टोके चिमटीत धरली, बोटे अशी काही फिरवली की मला दिसलीसुद्धा नाहीत, आणि गाठ तयार झाली. मग मान तिरकी झाली. मी "मामा!" म्हणून ओरडलो, पण तोपर्यंत गाठीची शेपटी दातात गेली होती.

माझे तात्पुरते भरण टप्पकन जमिनीवर पडले. इतक्या खटपटीने साफ केलेला दात, त्याने या माणसाने सुती दोरी तोडली होती. दात अर्ध्यात मोडला असणार असे धरून मी डोळे मिटून घेतले.

मामा शेपटी हातात धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठे नवल होते. "नोप्पी लेदु," ते हळूच म्हणाले. मग बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात, "नोप्पी लेदु!" दुखत नाही. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी त्या दाताने काही तोडले होते आणि ते दुखले नव्हते. मी आरसा घालून पाहिले. दात शाबूत होता. मामी आत आली, तिने ती दोरीची शेपटी हातात घेऊन निरखली आणि म्हणाली, "माझा स्टोव्ह पेटला म्हणायचा."

दात मागच्या बाजूने कायमचा भरला. वर टोपण बसवूया, असे मी सुचवले, कारण नस काढलेला दात पुढे काळपट पडतो. मामा ऐकेनात. टोपण घातले की खाच बुजणार. "काळा झाला तर होऊ द्या. मला काय लगीन करायचंय?" त्या गाठीवर माझे यंत्र पुढे कितीतरी वर्षे चालले. गाठ चाकावरून जाताना टक् असा आवाज यायचा आणि पेशंट दचकायचे. पण नवा पट्टा येऊनही मी तो बदलला नाही.

दुसरा माग मामांकडेच राहिला. मामीला मात्र त्या दिवसापासून दाताला दात म्हणता आले नाही. पुढे कधी दोघे रस्त्यात भेटली की ती मामांच्या खांद्याला कोपर मारून म्हणायची, "दाकवा की डाक्टरास्नी. माझा स्टोव्ह बरा हाय न्हवं?" मामा भर बाजारात ओठ वर करून दात दाखवायचे. आम्ही तिघे एकदा चाटी गल्लीच्या तोंडाशी असे उभे असताना एक ओळखीचे प्राध्यापक थांबले आणि काय झाले म्हणून विचारू लागले. त्यांना मी काय सांगणार? स्टोव्ह तपासतोय म्हणालो.

मामांनी माझी जाहिरातही खूप केली. त्यांच्या सांगण्यावरून विणाई खात्यातले लोक जिना चढून यायचे, किंमत ऐकायचे, पाटी वाचायचे आणि सकाळच्या दवाखान्यात भेटू म्हणून खाली उतरायचे. अक्कलकोट रोडकडच्या यंत्रमागांवरची माणसे तर तिथेही येऊ शकत नसत, कारण त्यांच्यापाशी विम्याचे कार्डच नसे. ती लवंग दाबून दिवस काढत. मामांना याचे वाईट वाटायचे, पण त्यांची वाईट वाटायची तऱ्हाही वेगळी. "डाक्टर," ते म्हणायचे, "विम्यात निदान एक तरी दात ठेवायची सोय पायजे. ज्येचा त्यानं निवडावा." एवढी शहाणी सूचना मी नंतर मोठमोठ्या सभांमध्येही ऐकली नाही.

मामांचा निवडलेला दात उभा राहिला. बाकीचे मात्र एकेक करून जात राहिले. ते सगळे विम्याच्या दवाखान्यात, सकाळच्या वेळी आणि माझ्याच हाताने गेले. दर खेपेला बोट त्या दातावर, दर खेपेला तेच वाक्य. आणि एक दिवस असा आला की वरच्या जबड्यात काढण्यासारखे काही उरलेच नाही. तो एकटा काळपट दात तेवढा खाच घेऊन मधोमध उभा.

"ह्यो सोडून कुठलाबी काढा," मामा सवयीने म्हणाले.

"मामा, आता कुठला काढू?"

त्यांनी जिभेने सगळा जबडा चाचपला आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग कवळी करायची ठरली. विम्यात कवळीही नव्हतीच. बोनसच्या महिन्यात ते नवी पेठेत आले. मी म्हणालो, हा एक दात काढून टाकला तर कवळी छान बसेल, टाळूला घट्ट धरेल. तसे त्यांचे बोट वर गेले. शेवटी पुढच्या बाजूला त्या दातापुरते भोक ठेवून कवळी केली. दोन्हीकडे नवे पांढरेशुभ्र दात आणि मधल्या भोकातून डोकावणारा तो काळपट म्हातारा. कवळी बनवणारा कारागीर माझ्यावर चिडला, असले काम बाजारात दाखवायची लाज वाटते म्हणाला. मामा मात्र आरशात बघून खूश झाले. "नवे सगळे पाव्हणे," म्हणाले, "घरचा ह्यो एकच."

भोकापाशी कवळी नाजूक असते. वर्षभरात ती तिथेच तडकली. मामा दुरुस्तीला देऊन गेले आणि आठवड्याने येतो म्हणाले.

ते आले नाहीत. चार दिवसांच्या तापात मामा गेले, हे मला विणाई खात्यातल्या एका माणसाने विम्याच्या दवाखान्यात सांगितले. मी त्याचा दात काढायच्या तयारीत होतो. तो काढला, कापूस दिला आणि हात धुवायला आत गेलो तो बराच वेळ बाहेर आलो नाही.

महिना-दीड महिन्यानंतर मामी एकटीच जिना चढून आली. मी दुरुस्त झालेली कवळी कपाटातून काढून तिच्या हातात दिली. तिने ती उलटीपालटी केली आणि भोकातून बोट आरपार घातले.

"हितं हुता माझा स्टोव्ह," ती म्हणाली. "सगळे फुकट गेले. ह्यो तेवढा त्येंच्यासंगं गेला."

तिने कवळी पदरात बांधली. आता ती जाईल म्हणून मी दारापर्यंत गेलो, तर ती मागे वळून खुर्चीत चढून बसली. तिचे पाय खाली टेकत नव्हते.

"आता माझं बगा," ती म्हणाली. खालची एक दाढ तिला दोन वर्षे ठणकत होती. विम्यात घरच्यांचेही दात निघत. ती काढून घ्यायला निघाली होती, पण मामांनी तिला येऊ दिले नव्हते. तुझी भिशी लागू दे, मग संध्याकाळच्या डाक्टरकडे जाऊ, म्हणाले होते. आता मामांबरोबर विमाही संपला होता. फुकट काढायची सोयही गेली होती.

"आन काल भिशी लागली," मामी म्हणाली.

मी यंत्र जवळ ओढले. त्या पट्ट्यावर अजून मामांची गाठ होती. तिच्याकडे पाहून माझ्याच्याने राहवेना. "मामी," मी विचारले, "आणि स्टोव्ह?"

"चुलीवर भाकरी लई चांगली हुतीया की," ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडले.